सात चालींचा डाव : बंधन नियमाचे की भीतीचे?

स्मरणिकेत इतिहासाच्या शिक्षकाने लिहायचे म्हटले की वाचक राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा धरतात. प्रस्तुत लेखात राजा आहे, वजीर आहे, हत्ती-घोडे-उंट आहेत आणि लढाईही आहे. मात्र ही लढाई चौसष्ट घरांच्या पटावरची असून अवघ्या सात चालींत संपते. सुमारे पावणेतीनशे वर्षांपूर्वी पॅरिस शहरात खेळला गेलेला हा डाव आजही जगभरच्या मुलांना शिकवला जातो. धाडसारख्या बुलढाणा जिल्ह्याच्या टोकावरील, मराठवाड्याच्या सीमेलगतच्या गावात आमच्या निवासी शाळेतील मुलेही तो आवडीने मांडतात.

या डावाकडे आम्ही केवळ करमणूक म्हणून पाहत नाही. त्यात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि दोन्ही शिक्षणाच्या गाभ्याशी भिडणारे आहेत. एखादे बंधन आपल्याला खरोखर बांधते की आपणच ते मानतो, हा पहिला प्रश्न. नावाजलेली गोष्ट खरी की खोटी हे कसे तपासावे, हा दुसरा. या दोन प्रश्नांसाठीच हा पाठ येथे मांडीत आहोत.

वाचकांना एक विनंती आहे. लेख वाचताना पट समोर असावा. घरी पट नसेल तर वहीच्या पानावर चौसष्ट चौकोन आखावेत आणि सोंगट्यांच्या जागी तुरीचे, हरभऱ्याचे, मक्याचे दाणे ठेवावेत. वसतिगृहात अनेकांनी अशाच पटावर हा खेळ शिकला आहे.

१. पट कोठून आला?

डावाकडे वळण्यापूर्वी पटाचा इतिहास पाहू. आठ गुणिले आठ घरांच्या पटाला प्राचीन भारतात 'अष्टापद' असे नाव होते. या पटाचा एक अतिशय जुना उल्लेख पाली साहित्यात सापडतो. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, म्हणजे ब्रह्मजाल सुत्तात, खेळांची एक यादी आली आहे आणि तिच्या आरंभीच 'अट्ठपद' व 'दसपद' ही नावे आहेत. पहिला आठ घरांच्या ओळींचा पट, दुसरा दहा घरांच्या ओळींचा.

येथे दोन गोष्टी प्रामाणिकपणे नोंदविल्या पाहिजेत. पहिली अशी की या यादीवरून पट होता एवढेच सिद्ध होते. त्यावर बुद्धिबळ खेळले जात होते असे सिद्ध होत नाही. अष्टापदावर फाशांचे खेळही चालत. दुसरी अशी की ती यादी भिक्खूंनी ज्या खेळांपासून दूर राहावे त्यांची आहे. तथागतांच्या काळात बुद्धिबळ होते आणि त्यास मान्यता होती, असे कोणी अभिमानाने सांगू लागले तर विद्यार्थ्यांनी त्यास नम्रपणे पुरावा विचारावा. आपल्या आवडीचे आहे म्हणून विधान खरे ठरत नाही.

प्रत्यक्ष 'चतुरंग' या शब्दाचा पटावरील खेळाच्या अर्थाने स्पष्ट उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त मिळतो. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ अशी सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. हा खेळ पुढे इराणात गेला, तेथे त्याचे 'चतरंग' झाले. अरबांनी त्यास 'शतरंज' म्हटले आणि त्यांच्यामार्फत तो युरोपात पोहोचला. या प्रवासाच्या खुणा शब्दांत उरल्या आहेत. आपण 'शह' म्हणतो तो फारसीतील 'शाह', म्हणजे राजा. अरबीत 'फील' म्हणजे हत्ती. ज्या मोहऱ्याला आपण उंट म्हणतो त्याला स्पॅनिश भाषेत आजही 'आल्फिल' म्हणतात. आपला उंट तिकडे नावाने हत्तीच राहिला!

२. खेळ वेगवान कसा झाला?

जुन्या शतरंजमध्ये वजीर अगदीच दुबळा होता. तो तिरपा आणि एकच घर सरकत असे. उंटही तिरपी दोन घरांची उडी तेवढी मारी. अशा सैन्याने राजाला गाठायला बराच वेळ लागे. सात चालींत मात होणे ही त्या खेळात कल्पनेपलीकडची गोष्ट होती.

पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेन आणि आसपासच्या प्रदेशात नियम बदलले. वजीर उभा, आडवा, तिरपा हवा तितका जाऊ लागला आणि पटावरील सर्वांत बलाढ्य मोहरा झाला. युरोपात त्यास 'राणी' म्हणतात. आपण मात्र 'वजीर' हेच नाव टिकवून आहोत. उंटालाही पूर्ण तिरपी रेघ मोकळी झाली. प्याद्याला पहिल्या चालीत दोन घरे जाण्याची मुभा होती. या बदलांनी खेळाला धार आली आणि छोटे, चमकदार डाव शक्य झाले.

भारतात मात्र देशी पद्धत दीर्घकाळ वेगळी राहिली. आमच्या भागातील वृद्ध मंडळींना ती स्मरत असेल. प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. प्यादे शेवटच्या घरात पोहोचले की ज्या मोहऱ्याच्या रांगेत ते पोहोचले तो मोहरा मिळे. या दोन पद्धतींची गाठ कशी पडली याची एक खूण मुंबईत आहे. १८१४ साली मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ इंग्रजीत छापला गेला. मूळ रचना संस्कृत, आणि तिची मांडणी युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेली. आजचे आंतरराष्ट्रीय नियम आपण पुढे स्वीकारले, आणि या लेखातील डाव त्याच नियमांचा आहे.

३. पॅरिस, १७५०

आता स्थळकाळ पाहू. पॅरिसमध्ये 'काफे द ला रेजांस' नावाचे एक कॉफीगृह होते. अठराव्या शतकात युरोपातील उत्तमोत्तम बुद्धिबळपटू तेथे जमत. तेथील श्रेष्ठ खेळाडू म्हणजे केर्म्यूर, लेगालचे सरदार. त्यांचा जन्म १७०२ चा आणि मृत्यू १७९२ चा. इतिहास त्यांना नुसते 'लेगाल' म्हणून ओळखतो. त्यांचा शिष्य फिलिडोर गुरूच्याही पुढे गेला. फिलिडोर पेशाने संगीतकार होता. १७४९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्याद्यांच्या रचनेला डावाच्या केंद्रस्थानी आणले. तोवर ज्यांना सर्वांत हलके समजून कोणीही सहज गमावीत असे, त्या प्याद्यांचा असा गंभीर विचार पूर्वी कोणी केला नव्हता.

लेगालचा आपण पाहणार आहोत तो डाव १७५० चा सांगितला जातो. प्रतिस्पर्धी होता सँ-ब्री नावाचा खेळाडू. त्याच सुमारास महाराष्ट्रात काय चालले होते, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने पटकन आठवावे. डिसेंबर १७४९ मध्ये साताऱ्यास शाहू छत्रपतींचे निधन झाले आणि १७५० च्या सांगोला करारानंतर राज्याचा प्रत्यक्ष कारभार पुण्यास पेशव्यांच्या हाती एकवटला. राजा पटावर आहे, पण चाल वजिराची, असा तो काळ. पॅरिसच्या डावात मात्र वजिराचे काय होते, ते आता पाहू.

४. सात चाली

घरांची नावे अशी समजावीत. पांढऱ्याच्या बाजूने बसले असता डावीकडून उजवीकडे ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच या आठ उभ्या रांगा. पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८ असे आडव्या रांगांचे क्रमांक. पांढरा राजा ई१ वर, वजीर डी१ वर. काळा राजा ई८ वर, वजीर डी८ वर.

पहिली चाल : पांढऱ्याने राजापुढील प्यादे ई४ वर आणले, काळ्यानेही आपले प्यादे ई५ वर आणले.

दुसरी चाल : पांढऱ्याचा घोडा एफ३ वर आला. त्याची नजर ई५ च्या प्याद्यावर. काळ्याने डी६ वर प्यादे आणून त्याला जोर दिला.

तिसरी चाल : पांढऱ्याचा उंट सी४ वर आला आणि तिरप्या रेघेत एफ७ च्या घरावर रोखला गेला. एफ७ हे काळ्याचे सर्वांत नाजूक घर, कारण आरंभी त्याला एकट्या राजाचाच जोर असतो. काळ्याने आपला उंट जी४ वर आणला.

चौथी चाल : पांढऱ्याचा दुसरा घोडा सी३ वर आला. काळ्याने जी६ वर प्यादे सरकवले. डावातील ही खरी ढिली चाल. ना नवा मोहरा बाहेर आला, ना नाजूक घराला जोर मिळाला.

येथे थांबून पट नीट पाहावा. काळ्याचा जी४ वरील उंट, पांढऱ्याचा एफ३ वरील घोडा आणि पांढऱ्याचा डी१ वरील वजीर, तिघे एकाच तिरप्या रेघेत आहेत. घोडा हलला तर उंट वजीर मारील. म्हणून घोडा जागीच जखडला गेला आहे, असे कोणीही म्हणेल.

पाचवी चाल : लेगालने तोच घोडा उचलला आणि ई५ चे प्यादे मारले. वजीर उघडा पडला. काळ्याने क्षणाचाही विचार न करता उंटाने डी१ वरील वजीर मारला.

सहावी चाल : पांढऱ्याच्या उंटाने एफ७ चे प्यादे मारून शह दिला. राजाला हा उंट मारता येत नाही, कारण त्याला ई५ वरील घोड्याचा जोर आहे. डी७ वर जाता येत नाही, तेथेही त्याच घोड्याचा मारा आहे. उरले एकच घर, ई७. राजा तेथे गेला.

सातवी चाल : सी३ वरील घोडा डी५ वर आला. शह आणि मात.

मात खरी आहे की नाही हे प्रत्येकाने घरे मोजून पाहावे. ई७ वरील राजाभोवती आठ घरे आहेत. डी८ वर त्याचाच वजीर, एफ८ वर त्याचाच उंट, डी६ वर त्याचेच प्यादे. ई८ आणि ई६ या दोन घरांवर पांढऱ्या उंटाचा मारा. डी७ वर ई५ च्या घोड्याचा मारा. एफ६ वर डी५ च्या घोड्याचा मारा. एफ७ वर पांढरा उंट, पण तो सजोर. शह देणाऱ्या घोड्याला मारू शकेल असा एकही काळा मोहरा नाही. आठही वाटा बंद, आणि त्यांपैकी तीन राजाच्या आपल्याच माणसांनी अडवलेल्या.

आता हिशोब करू. शाळेत आम्ही मोहऱ्यांची किंमत अशी शिकवतो : प्यादे १, घोडा व उंट प्रत्येकी ३, हत्ती ५, वजीर ९. राजा सोडून प्रत्येक बाजूचे बळ ३९ होते. अखेरीस पांढऱ्याने ९ गमावले, काळ्याने फक्त २. म्हणजे पांढऱ्याकडे ३० आणि काळ्याकडे ३७ गुण राहिले. सात गुणांनी श्रीमंत असलेला काळा हरला. त्याचे हत्ती, वजीर, घोडे जिवंत होते, पण राजाच्या मदतीला एकही येऊ शकला नाही. पांढऱ्याचे दोन घोडे आणि एक उंट परस्परांना जोर देत एकाच घराभोवती जमले होते. एकेकटा पाहिला तर त्यांतला कोणताही मोहरा काळ्या वजिराच्या पासंगालाही पुरला नसता.

५. दोन प्रकारचे जखडणे

पाचव्या चालीपूर्वीच्या स्थितीकडे परत जाऊ. हा लेख लिहिण्याचे खरे कारण तेथे आहे.

बुद्धिबळात मोहरा जखडला जातो तो दोन प्रकारांनी. एक उदाहरण घ्या. पांढरे प्यादे ई४, काळे प्यादे ई५. पांढरा घोडा एफ३, काळा घोडा सी६. पांढरा उंट बी५, काळे प्यादे डी६. आता काळ्याच्या सी६ वरील घोड्यामागे, त्याच तिरप्या रेघेत, त्याचा राजा उभा आहे. हा घोडा हलविणे नियमानेच निषिद्ध आहे, कारण तो हलताच राजाला शह बसतो. खेळाडू कितीही धाडसी असो, कितीही हुशार असो, ही चाल त्याला करता येणार नाही. हे नियमाचे बंधन.

लेगालच्या घोड्यामागे मात्र राजा नव्हता, वजीर होता. त्याला हलण्यास कोणत्याही नियमाने मनाई केलेली नव्हती. 'वजीर गेला तर सारे संपले' या भीतीने तो बांधलेला होता. ती भीती बहुतेक वेळा रास्त असते. शंभरातल्या बहुसंख्य स्थितींत असा घोडा हलवणे म्हणजे वजीर फुकट घालवणे होय, आणि म्हणूनच सँ-ब्रीने तो घोडा पक्का जखडलेला आहे असे धरून चालण्यास सुरुवात केली. लेगालने निराळा प्रश्न विचारला : हा घोडा हलला तर नेमके काय होईल? त्याने उत्तर अंदाजाने दिले नाही, शेवटच्या घरापर्यंत मोजले. वजीर जातो, त्याच्या बदल्यात राजा सापडतो.

आम्ही वर्गात हा डाव मांडून पाचव्या चालीवर थांबतो आणि मुलांना काळ्याची चाल करायला सांगतो. बहुतेक मुले आनंदाने वजीर मारतात. त्यात त्यांचा दोष नाही. समोर नऊ गुणांचा मोहरा बिनजोर दिसत असेल तर हात आपोआप पुढे जातो. मग आम्ही विचारतो, 'समोरचा कसलेला खेळाडू आहे. त्याने आपला वजीर आपण होऊन का सोडला असेल?' या प्रश्नानंतर पटावर जी शांतता पसरते ती आम्हाला फार मोलाची वाटते. फुकट मिळणाऱ्या गोष्टीकडे पाहून 'हे मला का दिले जात आहे?' असे स्वतःला विचारण्याची सवय लागली तर ती पटाबाहेरही उपयोगी पडते. मोबाईलवर बक्षिसाचे आमिष येते, कागद न वाचता सही करा असे कोणी सांगते, तेव्हा आपल्या माजी विद्यार्थ्यांना हा जी४ वरील उंट आठवावा अशी आमची इच्छा आहे.

काळ्याने काय करायला हवे होते? त्याने डी६ च्या प्याद्याने ई५ वरील घोडा मारला असता तर पांढऱ्याच्या वजिराने जी४ वरील उंट मारला असता. काळ्याचे एका प्याद्याचे नुकसान झाले असते, पण डाव चालू राहिला असता. थोडे गमावून टिकून राहण्याची वाट त्याच्यापुढे होती. मोठ्या लाभाच्या नजरेत ती दिसली नाही.

६. त्याच डावाचा दुसरा पाठ

आता इतिहासाच्या शिक्षकाचे काम सुरू होते. हा डाव सर्व पुस्तकांत सारखा छापलेला नाही. आरंभीच्या चालींचा क्रम बदलतो. लेगालने एक हत्ती आधीच पटावरून काढून सवलतीने खेळ केला, असेही सांगितले जाते. हे फरक किरकोळ आहेत. एक फरक मात्र फार महत्त्वाचा आहे.

काही ठिकाणी काळ्याने जी६ वर प्यादे सरकवलेच नाही. त्याऐवजी त्याचा घोडा सी६ वर आलेला दाखवतात. बाकी सारे तेच. वरवर पाहता शेवटही तोच होतो : उंटाने वजीर मारला, शह, राजा ई७, घोडा डी५, मात. म्हणून अनेक जण दोन्ही पाठ सारखेच चमकदार मानतात. पट मांडून पाहावे म्हणजे फरक कळेल.

सी६ वर काळा घोडा असताना लेगाल ई५ चे प्यादे मारतो. काळ्याने वजिराला हात न लावता सी६ च्या घोड्याने ई५ वरील पांढरा घोडा मारावा. आता काय होते? हा काळा घोडा ई५ वरून जी४ वरील आपल्या उंटाला जोर देतो, त्यामुळे पांढऱ्याच्या वजिराला तो उंट मारता येत नाही. शिवाय तोच घोडा सी४ वरील पांढऱ्या उंटावरही मारा करतो. पांढऱ्याने एका प्याद्यासाठी घोडा गमावला, आणि बदल्यात काही मिळाले नाही. म्हणजे या पाठात लेगालची नावाजलेली चाल चुकीची ठरते. प्रतिस्पर्धी फसला म्हणून ती जिंकली, एवढेच.

एकच चाल, एकच घोडा, एकच धाडस. एका स्थितीत ते खरे, दुसऱ्या स्थितीत खोटे. फरक एका मोहऱ्याच्या जागेचा. भीतीचे बंधन तोडता येते हे खरे असले तरी ते कोठेही, केव्हाही तोडावे असा त्याचा अर्थ होत नाही. आधी मोजावे लागते.

या दुसऱ्या पाठातील उणीव भरून काढण्याचा मार्गही अभ्यासकांनी शोधला आहे. पांढऱ्याने घाई न करता आधी एच३ वर प्यादे सरकवून जी४ च्या उंटाला हुसकावावे. उंट एच५ वर मागे गेला की मग घोड्याने ई५ मारावे. आता काळ्या घोड्याने ई५ वर मारले, तरी तेथून त्याचा जोर एच५ वर पोहोचत नाही. पांढऱ्याचा वजीर एच५ वरील उंट मारतो. काळा घोडा सी४ वरील उंट मारतो, तेव्हा वजीर बी५ वर येऊन शह देतो आणि त्याच वेळी सी४ च्या घोड्यावरही मारा करतो. शह निवारल्यावर घोडा पडतो. अखेरीस पांढरा एका प्याद्याने पुढे राहतो. आणि काळ्याने लोभाने वजीर मारला तर जुनीच मात त्याची वाट पाहत असते. एका साध्या प्याद्याच्या एका पावलाने सदोष कल्पना निर्दोष झाली. धाडसाइतकेच पूर्वतयारीलाही मोल असते, हे याहून थोडक्यात सांगणारे उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

विद्यार्थ्यांनी यातून अभ्यासाची पद्धत घ्यावी. थोर माणसाच्या नावाने गोष्ट सांगितली गेली, ती अडीचशे वर्षे सांगितली गेली, पुस्तकात छापली गेली, म्हणून ती बरोबर ठरत नाही. ती पटावर मांडून तपासावी लागते. तपासल्यावर जे टिकते ते निःशंक मनाने स्वीकारावे. लेगालची कल्पना तपासणीत टिकली, त्याच्या नावाने फिरणारा एक पाठ टिकला नाही. दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे मान्य करता आल्या पाहिजेत.

७. पटाभोवतीची बंधने

नियमाचे बंधन आणि मानलेले बंधन हा भेद पटाच्या बाहेर, पण बुद्धिबळाच्याच जगात, महाराष्ट्राने पाहिला आहे. १९७४ साली भारतातील महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि ती मुंबईच्या वासंती खाडिलकर यांनी जिंकली. त्यांची धाकटी बहीण रोहिणी १९७६ साली वयाच्या तेराव्या वर्षी राष्ट्रीय महिला विजेती झाली. त्याच वर्षी ती पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली आणि गदारोळ उठला. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे की नाही, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. अखेर जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तत्कालीन अध्यक्ष मॅक्स यूवे यांनी स्पष्ट केले की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. घोडा, उंट, प्यादे चालविण्याच्या नियमांत खेळणाऱ्याचे स्त्री वा पुरुष असणे कोठेच येत नाही. आडवी आली होती ती रूढी. रोहिणी खाडिलकर यांनी पुढे १९८१ साली आशियाई विजेतेपद मिळवले.

आपल्या विदर्भातील ताजे उदाहरण नागपूरच्या दिव्या देशमुख यांचे. जुलै २०२५ मध्ये जॉर्जिया देशातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत त्यांनी कोनेरू हंपी यांना हरवले आणि त्याच विजयाने त्यांना ग्रँडमास्टर हा किताब मिळाला. तेव्हा त्यांचे वय एकोणीस वर्षांचे होते. आमच्या वसतिगृहातील मुलींनी ही बातमी वाचली तेव्हा त्यांना आनंद झाला तो केवळ विजयाचा नव्हता. नागपूर हे त्यांनी पाहिलेले किंवा पाहता येईल असे शहर आहे. जग जिंकणारी व्यक्ती आपल्याच मुलखातून जाऊ शकते, हे त्यांना नकाशावर बोट ठेवून दिसले.

पालकांनाही एक सांगावेसे वाटते. बुद्धिबळाला मैदान लागत नाही, महागडे साहित्य लागत नाही. एक पट आणि बत्तीस सोंगट्या घरात असल्या की पुरे. संध्याकाळी अर्धा तास मुलाच्या किंवा मुलीच्या समोर बसावे. आपण हरलो तर हसून दुसरा डाव मांडावा. चाल चुकली तर ओरडण्याऐवजी 'का केलीस?' एवढेच विचारावे. कारण सांगता येणे हीच या खेळातील पहिली प्रगती होय.

स्वाध्याय

वाचकांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, पुढील प्रश्न पट मांडून सोडवावेत. उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत. ती पटावरच आहेत.

१) चौथ्या चालीत काळ्याने जी६ ऐवजी जी८ वरील घोडा एफ६ वर आणला असे समजा. पांढऱ्याने तरीही ई५ चे प्यादे मारले आणि काळ्याने वजीर घेतला. पुढे सातव्या चालीत डी५ वर आलेल्या घोड्याचे काय होईल? मात होते का?

२) सातव्या चालीनंतरच्या स्थितीत काळ्याचे डी६ वरील प्यादे पटावरून उचला. राजाला आता डी६ वर जाता येईल का? त्या घरावर कोणत्या पांढऱ्या मोहऱ्याचा मारा आहे? उत्तर देण्यापूर्वी सर्व मोहरे एकेक करून तपासा.

३) हाच डाव देशी पद्धतीने, म्हणजे प्यादे पहिल्या चालीत एकच घर जाईल अशा नियमाने, खेळून पाहा. तीच स्थिती येण्यास किती चाली लागतात? तेवढ्या वेळात काळ्याला आपले घर सावरता येते का?

४) आपल्या रोजच्या जीवनातील दोन बंधने वहीत लिहा : एक असे, जे खरोखर नियमाने घातलेले आहे; आणि एक असे, जे आपण केवळ भीतीपोटी किंवा सवयीने मानतो. दुसऱ्या प्रकारचे बंधन तोडल्यास पुढील तीन चालींत काय होईल, ते मोजा आणि मगच घोडा उचला.